उपासाचे उंडे

कवडू मृदंगावर बसला की बोरगावची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं सौंसरकडची माणसं कौतुकानं सांगत. आणि तोच कवडू पंगतीत बसला की वाढप्याला थांबायची सोय नसते, हेही तीच माणसं सांगत. देवानं एका माणसाला एवढे गोड हात देऊन वर एवढं खोल पोट कशाला दिलं असेल, हे त्या देवालाच ठाऊक.

बोरगावला त्याची संत्र्याची लहानशी बाडी होती. पण झाडांपेक्षा त्याचा जीव मृदंगात जास्त. सौंसरच्या भगवंतराव महाराजांचं कीर्तन म्हटलं की कवडूनं मृदंग खांद्याला लावलाच. महाराज म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, पांढरंशुभ्र उपरणं, आणि गळा असा की पहिल्या आलापीतच बाया पदर डोळ्यांना लावायच्या. माणूस मायाळू, पण एका गोष्टीत कडक. त्यांच्या मंडळींतल्या कोणी एकादशी मोडलेली त्यांना खपत नसे.

आणि कवडूची एकादशी नेमकी मोडायची. होळीनंतरच्या एकादशीला तो बसस्टँडवर आलुबोंडा खाताना सापडला.

"आलू तं उपासाले चालते ना महाराज," तो म्हणाला.

"अन् वरचं बेसन?"

"ते तं त्याचं पांघरूण होय."

महाराजांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "कवडू, एकादशी दुप्पट खाशी ही म्हण तुझ्यावरूनच पडली असंल. आता शेवटचं सांगून ठेवतो. यापुढं एकादशी मोडली तं जामसांवलीच्या कीर्तनात मृदंग सुधाकर वाजवील."

सुधाकर म्हणजे नगरपालिकेतला कारकून. महाराजांच्या मागं टाळ धरायचा, आणि नजर मृदंगावर ठेवायचा. ते ऐकून त्याचा टाळ त्या दिवशी उगाच जोरात वाजला.

आता जामसांवलीचं कीर्तन म्हणजे हनुमानजींच्या दारचं, वैशाखातलं. गावोगावची माणसं येत. पण कवडूला त्या वर्षी त्याहून मोठी काळजी होती. त्याची लेक इंदू सावरगावला दिली होती, आणि तिचे सासरे नत्थूजी यंदा कीर्तनाला येणार होते. या नत्थूजींनी लग्नातच चार माणसांत म्हटलं होतं, "आमचे व्याही मृदंग वाजवतेत म्हनते. आमाले तं पंगतीतच दिसले बाप्पा!" मांडवभर हशा पिकला होता. इंदू माहेरी आली तेव्हा बापाच्या ताटात भाकर वाढता वाढता खाली मान घालून म्हणाली होती, "बाबा, एक डाव त्याइले तुमचा मृदंग ऐकू द्या ना. मंग काई म्हनू द्या."

ते एक वाक्य कवडूच्या घशात भाकरीच्या तुकड्यासारखं अडकून बसलं होतं.

शनिवारी जामसांवली, आणि आदल्या दिवशी एकादशी. त्या एकादशीला मंडळींचं कीर्तन पांढुर्ण्याला होतं, विठ्ठलाच्या देवळात, भर दुपारी. रमजानचा महिना चालू होता आणि ऊन असं की देवळाच्या फरशीवर उभं राहवेना. कवडूनं नेहमीप्रमाणे कणकेचा उंडा भिजवला आणि मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापला. उंडा बसल्याशिवाय मृदंगाला घुमारा येत नाही.

"पाहा लेकहो," सुधाकर शेजारच्या टाळकऱ्याला म्हणाला, "मृदंग जेवून राहिला अन् वाजवनारा उपाशी!"

कवडूनं उंड्यावर आणखी एक थाप दिली. कीर्तनानंतर यजमानांच्या घरी भगर आणि शेंगदाण्याची आमटी झाली, पण आलुबोंड्याच्या धसक्यानं त्यानं दुसऱ्यांदा वाढूच दिलं नाही. महाराज ओसरीवर जरा आडवे झाले. सौंसरची रोडवेजची गाडी दिवेलागणीनंतर होती. पाय मोकळे करतो म्हणून कवडू निघाला, आणि पाय ते पायच, वासामागं निघाले.

मशिदीजवळच्या गल्लीत रोज्याचा बाजार भरला होता. दोन्ही हातांना टेबलं, खाटा, उलटे ठेवलेले खोके. बर्फाच्या लादीवर टरबुजाच्या लालभडक फोडी, परातीत खजुराचे ढीग, हंड्यात गुलाबी शरबत, कढईत उसळणारी भजी. आणि नवल असं की एवढं सगळं मांडलेलं, एवढी माणसं, पण एकाचंही तोंड हलत नव्हतं. माणसं पुडे बांधून घेत होती आणि घराकडं चालली होती. सूर्य बुडायला अजून वेळ होता. कवडूला वाटलं, आपल्या पंगतीत असं झालं असतं तर? पानं वाढलीत, वास सुटलाय, आणि सगळे हात गुडघ्यावर. तो मनातल्या मनात थक्क झाला.

गल्लीच्या टोकाला निंबाखाली एक टेबल होतं आणि मागं एक बारीक चणीची, पांढऱ्या ओढणीतली म्हातारी बसली होती. चेहरा इकडचा नव्हता, गोल, डोळे हसरे आणि निमुळते. पांढुर्ण्यात सगळे तिला सीताबी म्हणत. तिचा नवरा कादरभाई लढाईच्या वेळी फौजेचा खानसामा होऊन मलायात गेला होता, तिथंच राहिला, तिथंच हिच्याशी निकाह लावला, आणि केस पिकल्यावर तिला घेऊन गावी परतला. रमजान आला की ती आपल्या मुलखाचं खाणं करून इथं बसायची.

आणि काय ते खाणं! जाळी विणावी तशी पातळ रोटी, घडी घातलेली. केळीची भजी, सोन्यासारखी. केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या. झाकण घातलेलं एक पितळी पातेलं, आणि एका ताटात ओल्या खोबऱ्यात लोळवलेले हिरवे हिरवे गोळे, जसे काही दवात भिजलेले कच्चे संत्रे.

"हे काय होय बाई?" कवडूनं विचारलं.

"पुआसा का," म्हातारी म्हणाली. "सब पुआसा का."

"उपासाचं?"

"हां, हां. पुआसा."

कवडूच्या जिवात जीव आला. विठ्ठलानंच ही बाई इथं बसवली, यात त्याला शंका उरली नाही. तिनं पातेल्यावरचं झाकण काढून म्हटलं, "सागू." आत साबुदाणा! फुगलेला, पारदर्शक, एक दाणा दुसऱ्याला चिकटलेला नाही. तिनं द्रोणात साबुदाणा घातला, त्यावर नारळाचं घट्ट दूध, आणि वरून काळ्या गुळाचा पाक असा सोडला की पांढऱ्यावर नागमोडी रेघ उमटली.

भोवती रोजेदार उभे होते. कवडूला लाज वाटली. तो निंबाच्या बुंध्याआड गेला, पाठ फिरवली आणि पहिला घास घेतला.

महाराज कीर्तनात सांगत, नामाची गोडी जिभेला लागत नाही, जिवाला लागते. कवडूनं ते शेकडो वेळा ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. पण गोडी जिवाला लागते म्हणजे काय ते त्याला त्या निंबाखाली कळलं. दूध गार होतं. गूळ आधी कडू भासला, मग त्यातून गोड उगवलं. आणि सगळ्याच्या तळाशी मिठाचा एक कण, समेवर पडलेल्या थापेसारखा, नेमका. एक कमी नाही, एक जास्त नाही. केवड्यासारखा एक वास नाकामागं रेंगाळत राहिला. साबुदाण्याची खिचडी त्यानं आयुष्यभर खाल्ली होती. या दाण्याला असंही गाता येतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

द्रोण चाटूनपुसून तो परत आला आणि हिरव्या गोळ्यांकडं बोट दाखवलं. "अन् हे?"

"ओंदे-ओंदे."

"उंडे?"

"ओंदे."

"उंडेच ना! बाई, तुले तं मराठी येते!" मृदंग्याचाच शब्द त्या परमुलखातल्या म्हातारीच्या तोंडून आलेला ऐकून कवडू खूश झाला. आता हे कशाचे केलेत हे विचारायला पाहिजे होतं. मनात एक पाल चुकचुकलीही. पण जिभेनं तिला हाकललं. त्यानं एक गोळा उचलला.

म्हातारी बोट वर करून म्हणाली, "मुँह बंद."

कवडू ओशाळला. आपण जास्तच बडबड केली वाटतं, असं समजून तो गप्प बसला, आणि गोळ्याचा अर्धा लचका तोडला. पच्चकन् आतला पातळ गूळ पिचकारीसारखा उडाला आणि पांढऱ्या सदऱ्यावर छातीभर सांडला. म्हातारी ओढणीआड खुदुखुदु हसली. तोंड मिटून खा, असं तिला म्हणायचं होतं. ते कवडूला दुसऱ्या उंड्याला कळलं. अख्खा तोंडात, ओठ बंद, आणि मग आत फुटणारा तो गूळ! तिसराही त्यानं तसाच खाल्ला, डोळे मिटून.

बसस्टँडवर महाराज बाकावर टेकले होते आणि सुधाकर मृदंगापाशी बसला होता. त्याची नजर पहिली गेली ती सदऱ्यावर.

"कवडूभाऊ, हे काय लागलं?"

"गूळ होय."

"सदऱ्यानं गूळ खाल्ला का?"

"उपासाचंच होतं. तिकडं मशिदीजवळ…"

"मशिदीजवळ उपासाचं!" सुधाकर एवढ्या मोठ्यानं हसला की पानठेल्यावरची माणसं वळली. "महाराज, ऐकून राहिले ना?"

महाराज ऐकत होते. त्यांनी सुधाकरला हातानंच गप्प केलं. "ऐकीव गोष्टीवर मी निवाडा करत नाही. चल कवडू, दाखव कुठं ते."

तिघं गल्लीत आले तेव्हा ऊन निंबाच्या शेंड्यावर गेलं होतं. आता कादरभाईही टेबलापाशी होता. महाराजांना पाहून त्यानं खुर्ची पुसली.

"कादरभाई, यानं तुमच्या इथं काय खाल्लं? एकादशी आहे म्हणून विचारतो."

कादरभाईनं पातेलं पुढं केलं. "हा सागू, महाराज. म्हंजे साबुदाना. तिकडं तं हा झाडाच्या बुंध्यातून काढतेत. नारळाचं दूध, करेली गावचा गूळ. वासाले पत्ती हाय, केवड्याच्या जातीची. रोप तिकडून आनलं, न्हानीच्या पान्यावर जगवलं."

महाराजांनी पातेल्यात वाकून पाहिलं. "म्हणजे आमच्या उपासाचा दाणा तुमच्या मलायातला म्हणा!"

"मी म्हनलं होतं ना महाराज," कवडू धीर येऊन म्हणाला. "बाईनंच सांगतलं, उपासाचं होय."

"पुआसा," म्हातारीनं दुरुस्त केलं.

"पुआसा म्हंजे रोजा," कादरभाई म्हणाला. "इच्या बोलीत रोज्याले पुआसा म्हनतेत."

महाराज थबकले. त्यांनी डोळे मिटले, आणि एखादी ओवी चालीत बसवून पाहावी तसे हळू पुटपुटले, "पुआसा… पवासा… उपवासा." मग डोळे उघडले तर ते ओले होते. "कादरभाई, हा शब्द आपल्याच घरचा आहे हो. केव्हाचा दर्यापार गेलेला. अन् या माउलीच्या तोंडून परत आला. नाव काय यांचं?"

"सिती. गावानं सीता करून टाकली."

"गाव बरोबर आहे. सीताही दर्यापारहूनच परत आली होती."

कवडूचा जीव भांड्यात पडला होता. पण सुधाकर काही एवढ्यावर भुलणारा नव्हता. "महाराज, साबुदाना झाला. हे हिरवं काय होय? गूळ तं याच्यातला दिसून राहिला."

म्हातारीचा चेहरा खुलला. तिनं ताट उचलून महाराजांपुढं धरलं आणि कवडूकडं कौतुकानं बोट केलं. "ओंदे-ओंदे! इनको बहुत पसंद! चावल का आटा, अच्छा बारीक. मैं पीसा."

तांदूळ.

एकादशीला भात! सुधाकरनं नुसतं आभाळाकडं पाहिलं. महाराजांची नजर कवडूवर आली, आणि कवडूला त्या नजरेत इंदू दिसली, खाली मान घातलेली.

चावलाचं मला काय माहीत, असं तो म्हणू शकला असता. ओठावर आलंही होतं.

"महाराज," तो म्हणाला, "मले शंका आल्ती. इचारावं वाटलं होतं. जिभेनं इचारू नाई देल्लं." मग सुधाकरकडं न पाहता पुढं म्हणाला, "मृदंग तुह्यापाशीच ठेव सुधाकर. उद्या उंडा जरा सैल भिजव, कातड्याची पुडी नवी हाय."

म्हातारीला यातलं काही उमगलं नाही. सगळ्यांचे चेहरे उतरलेले पाहून ती घाबरली आणि नवऱ्याच्या कानाशी काही बोलली.

"ती विचारते, मीठ बिघडलं का म्हनून," कादरभाई म्हणाला. "चाखता येत नाई ना महाराज. रोज्यात जिभेले थेंब लावाचा नाई. पहाटच्या फजरच्या आंधीपासून चुलीपाशी हाय, सारं अंदाजानं."

"चाखल्याशिवाय?" महाराज म्हणाले.

"चाखल्याबिगर?" कवडू जवळजवळ ओरडलाच. आपलं काय गेलं हे तो क्षणभर विसरला. "महाराज, मीठ असं होतं का समेवर थाप! एक कन इकडं नाई, एक कन तिकडं नाई. इनं हे चाखल्याबिगर केलं?"

तेवढ्यात मशिदीतून अजान झाली. गल्लीभर हात हलले. म्हातारीनं पुढ्यातली खजुराची ताटली उचलली. आधी शेजारच्या भजीवाल्याला दिली, मग उभ्या गिऱ्हाइकांना, मग नवऱ्याला. सगळ्यात शेवटी एक खजूर स्वतःच्या तोंडात घातला आणि पाण्याचा पेला ओठांना लावला. वैशाखाच्या उन्हात दिवसभर चुलीजवळ बसलेली, एवढ्या गोडाधोडाच्या राशीत, आणि हा तिचा पहिला घोट. पाण्याचा घोट गळ्यातून उतरताना दिसला.

महाराज ते बघत उभे राहिले. देवळात आरती चालू असताना ते जसे उभे राहत, तसे.

मग ते कवडूकडं वळले. "एकादशी मोडली ती मोडली. पण शास्त्रात सोय आहे. एकादशी चुकली त्यानं द्वादशी धरावी. उद्या धर."

"धरतो महाराज."

"पण भगर, खिचडी, शिंगाड्याचा शिरा, हा आपला उपास नाही. या बाईसारखा. पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पुआसा. आणि तसा बसून मृदंग वाजव. मधे घोटभर जरी पाणी घेतलं, तरी उठायचं आणि सुधाकरला जागा द्यायची."

शनिवारी जामसांवलीला माणूस मावत नव्हता. पारावर, झाडांखाली, बैलगाड्यांत, जिथं सावली तिथं माणूस. कवडू पहाट फुटायच्या आधीच दोन भाकरी खाऊन निघाला होता, आणि दुपारपर्यंत त्या भाकरी गेल्या जन्मीच्या वाटू लागल्या. प्रसादाच्या दुकानांवर चणे-फुटाणे, पेढे, नारळ. रसवंतीची घुंगरं वाजत होती. कोणी म्हणे शरबत घ्या कवडूभाऊ, कोणी म्हणे पेढा घ्या. तो नुसता हात जोडत होता. महाराजांनी सकाळी पारणं केलं, पण ते त्याच्यासमोर नाही.

उंडा भिजवताना ओली कणीक बोटांना लागली, तेव्हा मात्र त्याचे डोळे फिरले. कच्ची कणीक, पण कसला तो वास! त्यानं ती निमूट मृदंगावर थापली. मृदंगाचं पोट भरलं, त्याचं रिकामं.

मागून मानेवर काहीतरी गार पडलं. सुधाकर होता. "पानी नाई देत भाऊ," तो हळूच म्हणाला. "दुपट्टा भिजवून आनला फक्त. हे चालते ना?"

समोर बायांत इंदू बसली होती. पुरुषांत नत्थूजी, पगडीसारखा दुपट्टा बांधून, मिशीला पीळ देत.

कीर्तन उभं राहिलं. महाराजांनी निरूपणाला उपास घेतला. म्हणाले, उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणं, देवाजवळ राहणं तो उपवास. आपण मात्र साबुदाण्याजवळ राहतो. लोक हसले. मग त्यांनी मारुतीनं ओलांडलेला समुद्र सांगितला आणि म्हणाले, "पलीकडं गेलेलं सगळं हरवत नाही हो. एक शब्द गेला होता. काल मी तो पांढुर्ण्याच्या बाजारात पाहिला. एका माउलीच्या पदरात होता. आम्ही त्याची खिचडी केली, तिनं तो जसाच्या तसा सांभाळला."

कोणाला कळलं, कोणाला नाही. कवडूला कळलं. त्याचे ओठ सुकून तडकले होते, पोट पाठीला लागलं होतं, पण हातात काही वेगळंच शिरलं होतं. एरवी बोल पोटातून यायचा आणि कीर्तनानंतरच्या पंगतीकडं डोळा असायचा. आज मधे काहीच नव्हतं. चाखल्याशिवाय मीठ पडत होतं, तशी थाप पडत होती. समेवर, नेमकी. शेवटच्या गजराला महाराज स्वतः मागं वळले आणि मृदंगाकडं तोंड करून नाचू लागले. पिंपळावरचे पोपट उडाले ते परत येईनात.

गजर थांबला तेव्हा सूर्य बुडाला होता. नत्थूजी वाट काढत पुढं आले. मिशीचा पीळ सुटला होता. त्यांनी पाण्याचा लोटा स्वतः आणला होता, इंदू मागं उभी.

"व्याही," ते म्हणाले, "मी मंडपात काई बोललो असंल तं पोटात घाला."

"आता पोटातच जागा हाय व्याही," कवडू म्हणाला. "जे घालसान ते मावते." आणि त्यानं लोटा तोंडाला लावला. इंदू हसता हसता रडली.

एवढ्यात पांढुर्ण्याहून आलेल्या गाडीचा कंडक्टर एक डबा घेऊन पोचला. "कादरभाईनं देल्ला. मृदंगवाल्याच्या पुआसासाठी म्हने."

डबा उघडला. हिरवे उंडे, ओल्या खोबऱ्यात लोळवलेले, काठोकाठ. आज द्वादशी होती. तांदळाची आडकाठी नव्हती. कवडूचा हात पुढं गेला, थांबला, आणि त्यानं डबा आधी नत्थूजींपुढं धरला, मग सुधाकरपुढं, मग महाराजांपुढं. स्वतः शेवटी.

महाराजांनी उंडा उचलला, डोळ्यांना लावला.

"महाराज," कवडू घाईनं म्हणाला, "तोंड बंद!"

मंडळी दचकली. महाराजांना तोंड बंद म्हणणारा हा कोण? महाराजही दचकले, आणि दचकता दचकता त्यांनी अर्धा लचका तोडला. पच्चकन् गूळ उडाला तो थेट त्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर.

महाराजांनी उपरण्याकडं पाहिलं. मग कवडूच्या सदऱ्याकडं, जिथं कालचा डाग धुऊनही गेला नव्हता. उरलेला अर्धा उंडा त्यांनी तोंडात टाकला, ओठ घट्ट मिटले, आणि डोळेही.

"मीठ," घास उतरल्यावर ते म्हणाले, "समेवर आहे."